अडीच वर्षांचा भाचा अजून बोलत नाही, डीईआयसीचे अनुभव हवेत
नमस्कार. भाचा उशिरा चालायला लागला, शब्द अजून एकही नाही. पाणी हवं असलं की ताईचा हात धरून माठापाशी नेतो. अंगणवाडीत आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवलं. तपासणी मोफत आणि नीट झाली, पण स्पीच थेरपीची तारीख फार लांबची मिळाली. हे वय वाया जाऊ नये म्हणून जीव तुटतो. "मुलगे उशिराच बोलतात" असं कृपया सांगू नका.

मधल्या काळात तुम्ही घरी काय करून घेतलंत? कानाची बेरा तपासणी आधी केलीत का? आणि निरामय विम्यातून (ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मर्यादा १ लाख रुपये) थेरपीचा खर्च प्रत्यक्षात कोणाला मिळालाय? एवढ्या लहान मुलाचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कसं काढलंत, तेही सांगा.