‘देवाला सोडणे’ : यातलं ‘सोडणे’ नेमकं कोणतं?

बाळीवेस (सोलापूर) : गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मावशींना निराधार योजनेचा अर्ज भरून देत होतो. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, मांडीवर फडक्यात बांधलेली जोगव्याची परडी. ‘पतीचे नाव’ या रकान्यापाशी माझा पेन थांबला. त्या म्हणाल्या, “मला लहानपणीच देवाला सोडलंय बाबा. काय लिहायचं ते तूच लिही.” रकाना रिकामा ठेवला, तर खिडकीवरच्या माणसानं अर्ज अपूर्ण म्हणून परत केला.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यातून जात नाही. ‘सोडणे’ म्हणजे मोकळं करणे, हा आपला रोजचा अर्थ. बैल सोडला, गाडी सोडली, शाळा सोडली. गावात पोळ सोडतात. त्याला दावं नाही, वेसण नाही, तो कुणाच्याही रानात चरतो आणि त्याला कुणी हाकलत नाही. मग खंडोबाला मुरळी ‘सोडतात’, यल्लम्माला मुलगी ‘सोडतात’, मरीआईला मुलगा ‘सोडतात’, यातलं कोण मोकळं होतं? माझ्या मते हे सोडणे बैलाच्या जातीचं नाहीच, ते ‘उदक सोडणे’ या जातीचं आहे. दान देताना हातावरून पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क संपला. ‘पैशावर पाणी सोडलं’ म्हणतो तेच हे. मोकळं होतं ते देणारं घर. मुलगी फक्त या हातातून त्या हातात जाते.

मैंदर्गीकर : आमच्या अक्कलकोट भागात घरात कन्नड बोलतो, म्हणून लिहितो. कन्नडातही तेच क्रियापद आहे : ‘बसवी बिडोदु’, म्हणजे बसवी (देवाला वाहिलेली मुलगी) सोडणे. पण त्याच विधीला दुसरा शब्दही आहे : ‘मुत्तु कट्टोदु’, म्हणजे मणी बांधणे. देवीच्या नावाचे मणी मुलीच्या गळ्यात बांधले की विधी झाला. आईबाप ‘बिडोदु’ म्हणतात आणि मुलीच्या वाट्याला ‘कट्टोदु’ येतं. यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवर दोन्ही शब्द लहानपणापासून ऐकले, पण शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

पूर्वी ज्या घरात मुलगा नसे, तिथे मुलीला बसवी सोडत. मग ती सासरी जात नसे, मुलासारखी वारस होई आणि आईबापांना म्हातारपणी बघे. म्हणजे घरानं तिच्यावरचा हक्कसुद्धा पुरता सोडलेला नसे. तुमचं उदक इथं लागू पडत नाही.

बाळीवेस : दादा, बरोबर आहे तुमचं. माझा अर्थ अपुरा पडला. शब्द एक, व्यवहार दोन.

पूर्व भाग (सोलापूर) : पोतराजाबद्दल, म्हणजे मरीआईला सोडलेल्या मुलाबद्दल, थोडं. मराठी माणसाला वाटतं की गोंधळातला पोत, म्हणजे दिवटी, तिच्यावरून ‘पोतराज’ आला. आम्हा तेलुगू घरांत हा ‘पोतराजु’, गावदेवतांचा भाऊ. हैदराबादच्या बोनालू या देवीच्या सणात तो आजही कोरडा (चाबूक) ओढत मिरवणुकीपुढे नाचतो. ‘पोतु’ म्हणजे नर जनावर, ‘दुन्नपोतु’ म्हणजे रेडा. दिवटीचा इथे काही संबंध नाही. आमच्या गल्लीत मंगळवारी पोतराज यायचा. पाठीवर कोरडा ओढताना आवाज आधी यायचा आणि वळ नंतर दिसायचा. त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा हलगी वाजवत शेजारी उभा असायचा, कमरेपर्यंत केस वाढवलेला. त्यालाही सोडलेलंच होतं.

एक वाचक : प्रत्येक शब्दात जुलूम शोधायचा का? ही श्रद्धा आहे. ‘सोडणे’ म्हणजे अर्पण करणे, बस्स.

बाळीवेस : श्रद्धेबद्दल मला आदर आहे, माझ्या आईच्या हातात परडी होती. पण अर्पण करायचं तर ज्याचं त्यानं स्वतःचं करावं. कर्नाटकच्या 1982 च्या कायद्याचं नाव वाचा : त्यात बंदी देवदासी ‘समर्पित’ करण्यावर आहे. महाराष्ट्रानंही 2005 मध्ये कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी, 1908 साली सुरू झालेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकातून पुण्याचे दलित कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळ्यांनी मुरळी सोडण्याविरुद्ध लिहिलं. तेव्हा हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, ज्यांच्या लेकी जात होत्या त्यांच्यातूनच आला.

आणि शब्दाचंच बोलायचं तर आपल्या जवळचं उदाहरण घ्या. सोलापूरजवळच्या मुस्तीच्या बाबा उमर दर्ग्यावरून तान्ही मुलं खाली धरलेल्या चादरीत टाकतानाची दृश्यं 2008 मध्ये परदेशी वाहिन्यांवरही दिसली. नवस फेडायला हिंदू-मुसलमान दोन्ही घरं तिथे यायची. पाहणारा म्हणतो ‘फेकलं’, नवस बोललेली आई म्हणते ‘सोडलं’. पन्नासेक फुटांवरून खाली येणाऱ्या बाळासाठी दोन्ही एकच.

मैंदर्गीकर : एक राहिलंच. केसांत जट आली की ‘देवीचं बोलावणं आलं’ म्हणून मुलगी सोडत. आता अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या बाया घरी बसून, तेल लावून, समजूत घालून ती जट काढतात, तेव्हा आमच्याकडे म्हणतात ‘जट सोडवली’.

बाळीवेस : हो, ‘सोडवणे’! याला वेगळी नोंद हवी. गाठ सोडवतात, गुंता सोडवतात, अडकलेला माणूस सोडवतात. ‘देवाला सोडणे’बरोबर ‘देवापासून सोडवणे’ असा प्रयोग कुणी ऐकलाय का? मी नाही ऐकला. अर्ज घेऊन सोमवारी पुन्हा जाणार आहे. रकान्यात आईचं नाव लिहा, असं मावशींनीच सांगितलंय.