तिश्री या सणांच्या यहुदी महिन्यातला उत्साह पुढच्या हेश्वानमध्ये ओसरतो, काय करावं?

ठाण्याहून
शालोम मंडळी. रोश हशाना (नवं वर्ष) ते सिम्हाथ तोरा (तोरावाचनाचं चक्र पूर्ण होण्याचा सण) मन भरलेलं असतं. मग हेश्वान लागतो, एकही सण नाही, आणि सकाळची तेफिला (प्रार्थना) नुसती ओठांवर उरते. आमच्याकडे मिन्यान (दहा जणांचा प्रार्थनागट) फक्त शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र) जमतो. हिब्रू वाचता येतं, अर्थ अर्धाच लागतो. रोज वीस मिनिटं निघतील. त्यात काय धरावं?

अलिबाग-लोद
आठवड्याची पराशा (तोरातला त्या आठवड्याचा वाचनभाग) धरा. सिम्हाथ तोराला बेरेशीथ (उत्पत्ती) नव्याने सुरू होतं, म्हणजे हेश्वान ही सुरुवातीचीच वेळ. पराशाचे सात आलिया (तुकडे) असतात: रविवारी पहिला, शनिवारी सातवा. आधी हिब्रू मोठ्याने, मग मराठी. पूर्ण रीत म्हणजे मूळ दोनदा आणि ओन्केलोसचा तार्गूम (अरामी भाषांतर) एकदा. तार्गूमऐवजी रब्बी राशींचं भाष्यही चालतं. पण वीस मिनिटांत ते बसवायला जाऊ नका.

दोन दिवस चुकले तर भरून काढू नका, थेट आजच्या आलियावर या. थकबाकी साचली की माणूस पुस्तकच उघडत नाही. बहुतेकांची गाडी अडते ती शेमोथमधल्या (निर्गम) तेरुमा या पराशापाशी, कारण तिथे गोष्टी संपून निवासमंडपाची (वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात. तेवढे आठवडे मंडपाचा आराखडा शेजारी ठेवून वाचा.

तेहिलीम (स्तोत्रं) घ्यायचे असतील तर 150 स्तोत्रांची 30 दिवसांची वाटणी आहे; 119वं लांब असल्याने 25 आणि 26 तारखेत विभागलंय. मराठी पवित्र शास्त्रात मात्र स्तोत्राचं शीर्षक ओवी म्हणून मोजत नाहीत. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आकडा एका-दोनाने मागे पडतो. 51व्यात हिब्रूत 21 ओव्या, मराठीत 19.

मिद्दोथची वही
वाचन झालं, पण स्वभावाचं काय? मेनाहेम मेंडेल लेफिन यांच्या 1808च्या ‘हेश्बोन हनेफेश’ (मनाचा हिशेब) या पुस्तकात पद्धत आहे. धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, मौन, सत्य असे 13 मिद्दोथ, म्हणजे स्वभावगुण, आठवड्याला एक. तेरा चोक बावन्न, म्हणजे वर्षात प्रत्येक गुण चारदा येतो. सकाळी त्या गुणाचं एक वाक्य म्हणायचं. रात्री तक्त्यात प्रत्येक चुकीला एक ठिपका. ‘मी चिडका आहे’ असं लिहू नका, ‘दुपारी फोनवर आवाज चढला’ असं लिहा. घटना लिहिली तर पुढच्या वेळी ओळखता येते.

कोकणातली मशीद (सिनगॉग)
तक्ता चांगला, पण एकदम तेरा गुण नकोत. ठिपके वाढले की लोक रात्री वही उघडायचं टाळतात. पहिले तीन महिने तीनच गुण आलटून पालटून घ्या.

आणि सुरू करताना तोंडाने ‘ब्ली नेदेर’ (नवस न धरता) म्हणा. चांगली प्रथा कायमची म्हणून धरली, किंवा तीनदा पाळली, तर ती नवसासारखी अंगावर येते आणि सोडायची तर हत्तारथ नेदारीम (नवसातून मोकळं होण्याचा विधी) करावं लागतं. एलियाहू हन्नाबीचा (संदेष्टा एलियाचा) नवस फेडायला मलिदा करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण रोजच्या वाचनाच्या बाबतीत नेमकं विसरतात.

तेफिलाचं म्हणाल तर मिन्यानशिवाय कद्दीश, बार्खू, केदुशा हे सामूहिक पाठ नाहीत. शेमा (‘देव एकच’ हे पठण) आणि आमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) एकट्याने होतात. संपूर्ण सिद्दूरवर (प्रार्थनापुस्तकावर) एकाच वेळी लक्ष ठेवायचा प्रयत्न फसतो. आमिदाचा फक्त पहिला बेराखा (आशीर्वचन) अर्थासकट पाठ करा, तो सावकाश म्हणा, बाकी नेहमीच्या गतीने. वेळ सांभाळा: शेमाची मुदत दिवसाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत, डिसेंबरात मुंबईत साधारण पावणेदहा. काही मतांप्रमाणे त्याहून लवकर, म्हणून नऊच्या आत उरका.

ठाण्याहून
आभार. पराशा आणि तीन गुण घेतो, ब्ली नेदेर. वही शुक्रवारी रात्री कशी भरायची?

मिद्दोथची वही
भरायची नाही, शब्बाथला लिहिणं वर्ज्य. शुक्रवारचा ठिपका दिवे लावण्याआधी, शनिवारचा हवदाला (शब्बाथ संपवणारा विधी) झाल्यावर. गुण रविवारपासून बदला, म्हणजे पराशा आणि वही एकाच दिवशी पालटतील.