राज्य बदललं, आता गाडीच्या पासिंगचं काय?

नवऱ्याची बदली हैदराबादला झाली आहे. घर मिळालं, मुलीची शाळा ठरली, अडलंय ते गाडीपाशी. एमएच-१२ पासिंगची पाच वर्षांची पेट्रोल गाडी आणि एक स्कूटर. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७ वाचून झालंय: १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. पण पुण्यात एकदम भरलेला रोड टॅक्स खरंच परत हातात पडतो का? एजंटाशिवाय होतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. फसलेले अनुभव आधी.

बेंगळुरूत सहा वर्षं

मग माझाच आधी. आमची एमएच-१४. गाडी राज्याबाहेर न्यायला जुन्या आरटीओची एनओसी लागते, तिच्यासाठी फॉर्म २८ भरायला गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आधी चलान भरा." कसलं चलान? तीन निघाली, त्यातलं एक एक्स्प्रेसवेवरच्या वेगाचं, दोन वर्षं जुनं. ती भरली. मग गाडीवर बँकेचा बोजा, म्हणून बँकेचंही ना हरकत पत्र. मग चेसिस नंबरचा ठसा. आमच्या गाडीत तो शेजारच्या सीटखाली, गालिच्याची फट उचलली की दिसतो. पत्रा पुसायचा, सेलोटेप चिकटवायची, वरून पेन्सिल घासायची, टेप अलगद काढून फॉर्मवर लावायची. पहिले दोन ठसे फाटले. तिसऱ्याला बायकोने टॉर्च धरला आणि मी सीटखाली डोकं घालून अर्धा तास.

इकडे आल्यावर गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भरला, तपासणीला गाडी नेली, केए-५१ नंबर आला. त्या नव्या आरसीची प्रत जोडूनच महाराष्ट्रातल्या जुन्या आरटीओत परताव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे आधी इकडे खिशातून भरायचं, मग तिकडचे मागायचे. मला दोन फेऱ्या आणि अकरा महिने लागले. एका फेरीत साहेब रजेवर, दुसऱ्या फेरीत मूळ पावती हवी. ती पावती आईने लोखंडी कपाटात लाइट बिलांच्या गठ्ठ्यात ठेवली होती म्हणून वाचलो. पैसे मात्र आले, हे सांगायलाच हवं.

आणखी एक. गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा जपून ठेवा, फास्टॅगचं स्टेटमेंट पुरतं. इकडे २०१४ मध्ये बाहेरची गाडी ३० दिवसांहून जास्त राहिली की लाइफटाइम टॅक्स मागायची कायदादुरुस्ती झाली होती, ती हायकोर्टाने २०१६ मध्ये रद्द केली. तरी रस्त्यात अडवल्यावर "कधी आणली?" हा प्रश्न असतोच आणि तोंडी उत्तराला किंमत नसते.

सीमाभागातला

आम्ही बेळगावचे, शेती चंदगड तालुक्यात. एक गाडी केए-२२, एक एमएच-०९, दोन्ही रोज शिनोळीवरून इकडे-तिकडे. बारा महिने कुठून मोजायचे ते सांगा!

बँकवाली

ज्यांची दर तीन वर्षांनी बदली होते त्यांनी बीएच पासिंगच घ्यावं, म्हणजे भारत सिरीज: राज्य बदललं तरी नंबर तोच. सप्टेंबर २०२१ पासून मिळतं. केंद्र-राज्य सरकार, लष्कर, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपन्यांतले लोक पात्र. खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० लागतो. टॅक्स पंधरा वर्षांचा एकदम नाही, दोन-दोन वर्षांचा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला दर आठ टक्के. डिसेंबर २०२२ पासून जुन्या साध्या नंबरची गाडीही बीएचवर नेता येते.

आता फसलेला भाग. दोन वर्षं कधी संपली ते मला कळलंच नाही. उशीर झाला की दिवसाला १०० रुपये दंड. मी बेचाळीस दिवस झोपले होते. मोबाइलमध्ये आठवण लावा.

न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला

विषय थोडा दूरचा, पण राज्य बदलण्याचा ताप इकडेही तोच. कॅलिफोर्नियात राहायला आलात की लायसन्सला १० दिवस आणि गाडीच्या नोंदणीला २० दिवस. मी सामानाची खोकी फोडत बसलो होतो, दहा दिवस असेच गेले. टेक्सासला गेलेल्या मित्राला लायसन्ससाठी ९० दिवस होते, गाडीला ३०.

खरी गंमत वेगळीच. बाहेरून आणलेली गाडी ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल तर ती इथे नवी धरतात, आणि नव्या गाडीला कॅलिफोर्नियाचे धुराचे निकष लागू. माझी चालली होती जेमतेम तीन हजार. रात्री पार्किंगमध्ये बॉनेट उघडून त्याखालच्या लेबलवर कॅलिफोर्नियाचा उल्लेख शोधत होतो. सापडला तेव्हा हुश्श केलं. शिवाय आपल्यासारख्या व्हिसावाल्यांचं लायसन्स व्हिसाच्या कागदावरच्या तारखेलाच संपतं. राज्य बदला नाहीतर नका बदलू, ती रांग आहेच.

आधी अहमदाबाद, आता इंदूर

लायसन्सची काळजी कुणीच करू नका. ते देशभर चालतं. मी महाराष्ट्राच्या लायसन्सवर दोन राज्यं फिरलो. पत्ता बदलायचा तर नव्या गावी सारथी पोर्टलवरून अर्ज होतो. गाडी अडते, माणूस नाही.

आणि ताई, पाच वर्षांच्या गाडीसाठी एवढी धावपळ करण्याआधी पुण्यात तिची किंमत काढून बघा. मी विकली आणि इकडे आल्यावर इकडच्याच पासिंगची सेकंडहँड घेतली. स्कूटर रेल्वेने पार्सल केली. टाकी पूर्ण रिकामी करून घेतात आणि आरसीची प्रत लागते. उतरवून घेतल्यावर पहिला पेट्रोल पंप गाठेपर्यंत ढकलायची तयारी ठेवा. माझा दीड किलोमीटरवर होता, भर मे महिन्यात.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. गाडी विकायचं जवळजवळ ठरलंय, स्कूटर नेणार. तिकडे आता टीएस जाऊन टीजी नंबर आलेत, तो घेऊ. पावती सापडली, मूळ. आत्ता बसून चलानं तपासली. स्कूटरवर दोन निघाली, दोन्ही हेल्मेट नसल्याची. फोटोत आमचे धाकटे दीर आहेत, मागे बसलेली मुलगी कोण ते घरात अजून कुणालाच माहीत नाही.