‘घुसखोर’ म्हणायचं की नाही? आणि टोळीचं काय?

गुजरीतली : काल इथं फोरमवर एकानं ठणकावून लिहिलंय, ‘मराठी पेपरवाले शेपूट घालायला लागलेत. सरळ घुसखोर म्हणायचं सोडून बेकायदा स्थलांतरित म्हणतात. उद्या चोराला वस्तूंचा स्थलांतरकर्ता म्हणतील.’ खाली टाळ्याच टाळ्या. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुकान, माडीवर दागिन्यांचा कारखाना. चौदा वर्षं आमच्याकडं एक बंगाली कारागीर आहे, पश्चिम मेदिनीपूरमधल्या घाटालकडचा. बारीक जडावाचं काम त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. मागच्या वर्षी कागद तपासायला त्याला आणि आणखी तिघांना चौकशीला नेलं. नेलं, हरकत नाही, तपासणं त्यांचं कामच आहे. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा : ‘गुजरीत घुसखोर?’ ते प्रश्नचिन्ह बघा. एवढा एक आकडा टाकला की लिहिणारा मोकळा. चौथ्या दिवशी कागद खरे निघाले, चौघंही परत कामावर. त्याची बातमी? एक ओळसुद्धा नाही. घरमालकानं मात्र मोबाईलवरचं कात्रण दाखवून खोली रिकामी करायला लावली. कागद दाखवले तर म्हणाला, ‘ते ठीक आहे, पण पेपरात आलंय ना.’

आता कायद्याचं. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनं ‘बेकायदा स्थलांतरित’ची व्याख्या आली. वैध पासपोर्ट, कागद नसताना आलेला परदेशी एक, आणि रीतसर येऊन मुदत संपल्यावर राहिलेला दुसरा. हा दुसरा कुठं घुसला? विमानानं आला, शिक्का मारून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं लष्करी विमानानं १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, हातात बेड्या. त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. तेव्हा ‘१०४ घुसखोर परतले’ असा मथळा तुम्ही कुणी वाचला? मी तरी नाही.

पेठेतला : वैनी, तुमच्या कारागिराचं वाईटच झालं, मान्य. पण एका पेपरानं माती खाल्ली म्हणून शब्दच काढून टाकायचा? रात्री कुंपण ओलांडून यायचं, खोटं आधार काढायचं, आणि आम्ही त्याला काय म्हणायचं, पाहुणा? शब्द गुळगुळीत केला की गुन्हाबी गुळगुळीत होतो. अमेरिकेतल्या आपल्या पोरांना घुसखोर म्हणा की, माझी काही हरकत नाही. नियम एकच पाहिजे.

गुजरीतली : नियम एकच पाहिजे हेच तर सांगालोय दादा. कुंपण ओलांडलं हे सिद्ध झालं की लिहा ना. चौकशीला नेलं त्याच दिवशी कशाला?

रिटायर्ड डेस्क : बावीस वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली, म्हणून तोंड घालतो. तुम्हा दोघांनाही वाटतंय की आम्ही बसून शब्द निवडतो. रात्रीचे साडेअकरा, पान सोडायचं, एका हातात पोलिसांची प्रेस नोट, दुसऱ्या हातात एजन्सीची इंग्रजी कॉपी. ‘विनापरवाना वास्तव्य करणारे परदेशी नागरिक’ हे दोन कॉलमांत मावत नाही. ‘घुसखोर’ मावतो, आणि वर ‘पाच’ लिहायलाही जागा उरते. निम्मे मथळे असे जागेनं ठरतात, विचारानं नाही. उरलेले प्रेस नोटमधून जसेच्या तसे उचललेले.

आणि हो, प्रश्नचिन्ह मीही टाकलंय. वकील म्हणायचे, प्रश्नचिन्ह टाका, अंगावर येत नाही. त्या माणसाच्या अंगावर येतं, हे तेव्हा सुचलं नाही.

बाहेर याची चर्चा जुनी आहे. असोसिएटेड प्रेसनं एप्रिल २०१३ मध्ये ठरवलं की ‘बेकायदा’ हे विशेषण कृतीला लावायचं, माणसाला नाही. २०१५ मध्ये भूमध्य समुद्रातल्या बोटींच्या वेळी अल जझीरा इंग्लिशनं ‘मायग्रंट’ शब्दच सोडला, ‘निर्वासित’ म्हणायला लागले. मराठीत कुठला शब्द वापरायचा हे सांगणारी अशी शैलीपुस्तिका माझ्या हातात कधी कुणी दिली नाही. मुख्य उपसंपादकाच्या तोंडात बसलेला शब्द तो पानावरचा शब्द.

पेठेतला : म्हणजे अमेरिकेतल्या एजन्सीनं ठरवलं म्हणून कोल्हापुरात आम्ही जीभ बदलायची. बरं हाय.

फौंड्रीवाला : गंभीर चाललंय, तरी सांगतो. शिरोलीत आमच्याकडं गोरखपूरचा एक मोल्डर आहे, मराठी अक्षरं लावून लावून पेपर वाचतो. परवा मथळा होता ‘दोन घुसखोर पकडले’. गडी खूश. म्हणाला, ‘अच्छा हुआ साहब, कौन से दफ्तर के थे?’ मला दोन मिनिटं कळंना. हिंदीत घूसखोर म्हणजे लाच खाणारा! आपला घुसखोर त्यांच्यात घुसपैठिया. त्याला समजावून सांगितलं तेव्हा चेहरा उतरला. पुढचा प्रश्न : ‘हमको भी लिखेंगे क्या?’

शुद्धलेखन : कुणी विषय काढलाच आहे म्हणून. लाचखोर लाच खातो, नफेखोर नफा खातो, मग घुसखोर काय घुशी खातो? आणि बेकायदा म्हणा, ‘बेकायदेशीर’ नको. एकाच शब्दाला पुढून ‘बे’ आणि मागून ‘शीर’ कशाला? वीस वर्षं संपादकांना पत्रं लिहितोय.

पेठेतला : भांडखोर भांडी खातो का ओ?

साखरशाळा : स्थलांतरावर एवढं बोलताय आणि दारात आलेलं स्थलांतर कुणाला दिसत नाही. दिवाळीच्या आसपास बीडकडून माणसं येतात, चार-पाच महिने तुमचा ऊस तोडतात, खोपीत राहतात. त्यांच्या बातमीत शब्द काय? ‘ऊसतोड टोळ्या दाखल’. टोळी! त्याच पानावर खाली ‘दुचाकी चोरणारी टोळी जेरबंद’. मी तीन हंगाम त्यांच्या पोरांना शिकवलं. एका पोरानं मला विचारलं होतं, बाई, आपली टोळी आणि ही टोळी एकच का?

शिरोळ बागायतदार : ओ बाई, टोळी हा धंद्यातला शब्द आहे. मजूर आणणारा मुकादम स्वतः म्हणतो माझी टोळी. पेपरवाल्यांनी काय ऑर्केस्ट्रा म्हणायचं? आणि टोळीचा एवढा पुळका आहे तर माझं ऐका. ट्रॅक्टर माझा, कर्ज माझ्या नावावर. दोन वर्षांपूर्वी मुकादमाला नऊ लाख उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, स्टॅम्पवर लिहून घेतलं. हंगाम सुरू झाला, टोळी नाही. फोन बंद. गावाला गेलो तर त्याची म्हातारी म्हणाली, गेला कर्नाटकात. आमच्या गावात असे चौघं बुडालेत. ह्याची बातमी कुठल्या पानावर, कुठल्या शब्दात आली? फसवणूक म्हणा, लूट म्हणा, काय पाहिजे ते म्हणा, पण छापा तरी!

साखरशाळा : तुमचे पैसे मुकादमानं बुडवले. फडात राबणाऱ्यांनी नाही. त्यांच्या हातात त्या नऊ लाखांतलं काय पडतं ते विचारा कधी.

शिरोळ बागायतदार : आणि आल्यावर? खुशाली म्हणून वरचे पैसे द्या, नाहीतर ऊस वाळू दे. एकरी किती मागतात माहीत आहे? ट्रॅक्टर चिखलात रुतला की आणखी वेगळे. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेच विकणार. शेतकरी मात्र पेपरात कायम ‘बडा बागायतदार’. माझी अडीच एकर आहे ओ!

साखरशाळा : आणि त्यांना तुमच्यात म्हणतात काय? ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. किती माणसं आली विचारलं तर सांगतात, दहा कोयते आले. माणसाला हत्याराचं नाव, आणि उचल नवऱ्याच्या हातात. एका बाईला आठवा महिना होता, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत होती. खाडा केला तर पैसे कापतात म्हणून. हे मी बघितलंय.

शिरोळ बागायतदार : म्हणजे खाडा मी लावला? एसीत बसून आम्हाला शिकवू नका.

साखरशाळा : कसला एसी! माझा वर्ग कारखान्याच्या मागं पत्र्याखाली भरायचा. नोव्हेंबरात दव टिपकायचं. पाहुण्यासारखं बांधावर उभं राहणारे तुम्ही, मी नाही.

शिरोळ बागायतदार : तोंड सांभाळून बोला.

गुजरीतली : अहो, धागा माझा आहे, ऊस तुमचा. दोघं जरा दमानं घ्या.

पेठेतला : असू दे वैनी, पहिल्यांदाच काहीतरी खरं बोलणं चाललंय.

वळिवड्याचा : कोल्हापूरकरांनी तरी या विषयावर जपून बोलावं. १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या आमच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश लोक छावणीत राहिले. बायका-पोरंच जास्त. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले. आजी त्यांना ‘पोलंडवाले’ म्हणायची, एवढंच. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी फुलं वाहिली. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलेच की अभिमानानं.

पेठेतला : पोलंडवाले सरकारनं आणले होते. यादी होती, छावणी होती, आणि युद्ध संपल्यावर गेले. रात्री कुंपण तोडून कोण आलं नव्हतं. हे उदाहरण प्रत्येक वेळी काढता आणि प्रत्येक वेळी लागू पडत नाही.

वळिवड्याचा : बरं, ते सोडा. १९७१ घ्या. सुमारे एक कोटी माणूस पूर्व पाकिस्तानातून आला. आपण पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं त्यांच्यासाठी. सीमा ओलांडूनच आले होते ना? तेव्हा ‘शरणार्थी’. मग आसामात २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली, त्या रात्रीनंतर आलेला तो परका. माणूस तोच, वाट तीच, कॅलेंडरचं पान उलटलं.

पेठेतला : कायद्यात कुठंतरी रेघ मारावीच लागते. मतदानाचं वय अठरा का, सतरा वर्षं अकरा महिने का नाही, हे बी विचारा मग.

गांधीनगर होलसेल : पोलिश गेले आणि त्याच बराकीत आम्ही आलो. आमचं सिंधी घर, आजोबा कराचीचे. आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडं येतो, पण आजोबा जाईपर्यंत त्यांना एकच शब्द झोंबायचा : निर्वासित. पेपरात ‘निर्वासितांची वसाहत’ आलं की घडी घालून ठेवून द्यायचे. म्हणायचे, घर गेलं, हात शाबूत आहेत, मला निर्वासित कसलं म्हणतात? आता तुम्ही म्हणाल हा तर सहानुभूतीचा शब्द. असेल. लिहिणाऱ्याला मऊ वाटला म्हणून ऐकणाऱ्याला बोचत नाही असं नसतं. त्यामुळं ताई, ‘स्थलांतरित’ लिहिलं की प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. आणि पेठेतल्या भावाचंही पटत नाही. आमच्या आजोबांकडं तरी कुठले कागद होते आले तेव्हा?

रिटायर्ड डेस्क : यात आणखी एक गाठ आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारतानं सहीच केलेली नाही. त्यामुळं निर्वासित कोण, हे आपल्याकडं दर वेळी सरकार ठरवतं, आणि पेपर सरकारच्या मागनं शब्द बदलतात. बातमीदाराच्या हातात फार तर एवढं उरतं की ‘पोलिसांचा संशय आहे’ हे तीन शब्द मथळ्यात नाही तरी पहिल्या ओळीत यावेत. आणि माणूस सुटला तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच कॉलमांत. आम्ही ते कधी केलं नाही. सुटलेला माणूस ही बातमीच वाटायची नाही.

पेठेतला : हे दुसरं मान्य. त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. वैनींच्या कारागिराला तेवढं मिळायला पाहिजे होतं. पण शब्द मी सोडणार नाही. सिद्ध झालं की घुसखोरच.

गुजरीतली : सिद्ध झालं की. हे तीन शब्द काल ती पोस्ट टाकणाऱ्यालाही जाऊन सांगा.

पेठेतला : मीच टाकलेली ती. दुसरा आयडी आहे माझा.

फौंड्रीवाला : नाद खुळा!

शुद्धलेखन : ‘आयडी’ऐवजी ‘खाते’ म्हणता येते.

साखरशाळा : शिरोळवाल्या दादांना : काल जरा जास्त बोलले. मुकादमाविरुद्ध तक्रारीचा मसुदा करायचा असेल तर लिहून देते. पण ‘टोळी’ला माझा विरोध कायम.

शिरोळ बागायतदार : मसुदा द्या, उपकार होतील. आणि चला, तुमच्या मनासारखं लिहितो : माझे बंधू-भगिनी ऊसतोड कामगार नऊ लाख रुपयांसह कर्नाटकात स्थलांतरित झाले. आता छापतील काय?