मदत हवी आहे: सोमवारी गॅस कंपनीचा माणूस पाण्याचा नमुना घ्यायला येतोय, सही करू का?

पाणवठा (धागाकर्ता)
नमस्कार. घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा. सोमवारी सकाळी १० ला गॅस कंपनीचा माणूस आमच्या बोअरच्या पाण्याचा नमुना न्यायला येणारे आणि त्याआधी एका कागदावर सही पाहिजे म्हणतात. शेजारचे आजोबा म्हणाले अजिबात दारात उभं करू नकोस, सही केलीस म्हणजे हात कापून दिलेस. बायको म्हणते फुकट तपासणी होतेय तर होऊ दे. दोन रात्री नेटवर वाचून वाचून डोकं भणभणायला लागलंय, प्रत्येक ठिकाणी वेगळंच. घरात चार वर्षांची मुलगी आहे, ती तेच पाणी पिते. ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी सांगा, सही करू की नको? हो किंवा नाही एवढंच सांगितलंत तरी चालेल.

सातारकर
कुठे राहता ते तरी लिहा हो. गॅस कसला? पाइपलाइनचा का?

शांत_झरा
आरओ बसवून घ्या चांगल्या कंपनीचा. आणि शंभर-दीडशे रुपयांचा टीडीएस मीटर मिळतो तो आणा, रोज सकाळी ग्लासात बुडवून बघा, ३०० च्या आत असेल तर निर्धास्त प्या. आम्ही गेली आठ वर्षं हेच करतोय, कुणाला काही झालेलं नाही.

पाणवठा
सॉरी, लिहायचं राहिलं. पेनसिल्व्हेनिया, पिट्सबर्गच्या दक्षिणेला, वॉशिंग्टन काउंटी. नळाचं सरकारी पाणी आमच्या रस्त्यावर नाही, बोअरच आहे. गॅस म्हणजे शेल गॅस, फ्रॅकिंग. रजिस्टर्ड पोस्टाने पत्र आलं की पलीकडच्या टेकडीवर ड्रिलिंग करणार. आता सांगा सही करू की नको?

ड्रिलबिट
ह्यूस्टनला याच धंद्यात २२ वर्षं काढली म्हणून लिहितो. घाबरू नका. तुमच्याकडे मार्सेलस शेल, म्हणजे ज्या खडकात हा गॅस आहे तो, सहा-सात हजार फूट खाली असतो आणि तुमची बोअर असेल दोन-तीनशे फुटांची. मधे मैलभर खडक आहे. फ्रॅकिंगमध्ये पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने खाली सोडून खडकाला भेगा पाडतात, त्या भेगा एवढ्या वर येत नाहीत. लोकांनी उगाच बाऊ केलाय.

उत्तरपेन
ड्रिलबिट, तुमचा खडक बरोबर आहे, पण आमच्याकडे पाणी बिघडलं ते खडकातून नाही, पाइपाच्या बाजूने. गॅस वेल, म्हणजे गॅसची विहीर, खाली नेताना तुमच्या-आमच्या पाण्याच्या थरातूनच जाते ना? पोलादी पाइप आणि भोवतीचं सिमेंट, ते सिमेंट नीट बसलं नाही की वरच्या थरांतला मिथेन वायू त्या फटीतून चढतो आणि पाण्यात येतो. सस्क्वेहाना काउंटीतल्या डिमॉक गावात १ जानेवारी २००९ ला एका घराच्या अंगणातल्या पाण्याच्या बोअरचा स्फोट झाला, वरचं काँक्रीटचं झाकण फुटलं. तेव्हा मी तिथून फार लांब राहत नव्हतो.

पाणवठा, तीन गोष्टी सांगा म्हणजे उत्तर देता येईल. एक, गॅस वेल तुमच्या बोअरपासून नक्की किती फुटांवर? दोन, कागद कसला, फक्त नमुना घ्यायला येऊ देण्याचा का लीज, म्हणजे तुमच्या जमिनीखालचा गॅस काढू देण्याचा करार? तीन, काम सुरू झालंय का? आणि तोपर्यंत "नाही" म्हणून टाकू नका, कृपा करून.

गुंठेवारी
लीज असेल तर रॉयल्टी साडेबारा टक्क्यांच्या खाली अजिबात मान्य करू नका, तिथल्या कायद्यानेच तेवढी किमान द्यावी लागते, आणि "खर्च वजा जाता" अशी ओळ असली तर खोडून घ्या. माझ्या मेव्हण्याला ओहायोमध्ये पहिला चेक बघून रडू आलं होतं. मिनरल राइट्स, म्हणजे जमिनीखालच्या खनिजांचे हक्क, तुमच्या नावावर आहेत का ते पण बघा, बऱ्याचदा आधीच्या मालकाने स्वतःकडे ठेवलेले असतात.

पाणवठा
लीज नाहीये!! मिनरल राइट्स आमच्याकडे नाहीतच, आम्हाला एक पैसा मिळणार नाही. किती फूट ते पत्रात बघून सांगतो. काम सुरू नाही. आणि तो टीडीएस मीटर माझ्याकडे आहे, १८० दाखवतो, म्हणजे पाणी चांगलंच ना?

उत्तरपेन
टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो. मिथेन हा वायू आहे, पाण्यात कितीही असला तरी मीटरचा काटा हलायचा नाही, आणि त्याला वास नसतो. आरओने पण तो जात नाही. आम्हाला कळलं ते ग्लासामुळे, नळातून पाणी दुधासारखं पांढरं यायचं, मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत जायचं आणि कडेला बारीक बुडबुडे, सोडा ओतल्यासारखे. नुसती हवा असली तरी तसं दिसतं, म्हणून महिनाभर आम्ही लक्ष दिलं नाही.

आता माझी चूक सांगतो, त्यासाठीच लिहितोय. आमच्याकडेही असाच माणूस आला होता नमुना घ्यायला आणि मी त्याला हाकलून दिलं. छाती फुगवून. कंपनीचं कोण फुकट काही करतं, असं म्हणालो बायकोला. वर्षभरात पाणी असं झालं. कंपनी म्हणाली तुमच्या पाण्यात गॅस आधीपासूनच असेल, सिद्ध करा. कशावर सिद्ध करणार? आधीचा कागदच नाही.

पेनसिल्व्हेनियात २०१२ चा अ‍ॅक्ट १३ म्हणून कायदा आहे. त्यात एक कलम घरमालकाच्या बाजूचं आहे: शेल गॅस वेलपासून २,५०० फुटांच्या आत तुमचं पाणी असेल आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांत ते बिघडलं तर दोष कंपनीचाच असं धरलं जातं, तो आपला नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. पण कंपनीला त्यातून सुटायच्या ज्या वाटा दिल्यात त्यातली एक ही की मालकाने आधीची तपासणी करू दिली नाही. झालं. नाही म्हटलं की ते कलम गेलं.

रानवारा
कुंपणच शेत खातंय हे. कंपनीच्या माणसाला घरात घेतलं नाही तर कायद्याचं संरक्षण जातं, हा कुठला न्याय? पाणवठा, यांना काही करू देऊ नका, सरळ ईपीएकडे, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे, तक्रार करा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याचा एवढा कडक कायदा आहे, तो कशाला मग?

काठावरचा
रानवारा, तो कडक कायदा म्हणजे १९७४ चा सेफ ड्रिंकिंग वॉटर अ‍ॅक्ट. तो सार्वजनिक पुरवठ्याला लागू. घरच्या बोअरच्या पाण्याला नाही. त्याच कायद्यात जमिनीखाली काही सोडायचं तर परवाना लागतो असाही भाग आहे, पण २००५ च्या एनर्जी पॉलिसी अ‍ॅक्टमध्ये फ्रॅकिंगला त्यातून वगळलं. डिझेल वापरलं तरच लागू, बाकी रसायनांना मोकळीक. याला तिकडे लोक हॅलिबर्टन लूपहोल म्हणतात, कारण डिक चेनी १९९५ ते २००० हॅलिबर्टन या तेलधंद्यातल्या कंपनीचे प्रमुख होते आणि २००१ मध्ये देशाचे उपाध्यक्ष झाल्यावर ऊर्जा धोरण ठरवणारा गट त्यांच्याच हाताखाली बसला.

आणि त्याआधीची पायरी बघा. २००४ मध्ये ईपीएने कोळशाच्या थरांतल्या फ्रॅकिंगवर अहवाल दिला की पिण्याच्या पाण्याला धोका नगण्य. ईपीएच्याच डेन्व्हर ऑफिसातल्या वेस्टन विल्सन यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पत्र लिहून सांगितलं की हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही आणि तपासणाऱ्या सात जणांपैकी पाच जणांचे हितसंबंध या धंद्यात दिसतात. नोकरीत असताना लिहिलं त्यांनी. पुढच्या वर्षी सूट मंजूर झाली.

ड्रिलबिट
एकच बाजू सांगू नका. राज्यांचे नियम आहेतच, केसिंगचे म्हणजे त्या पोलादी पाइपाचे, सिमेंटचे, सगळे. आणि २०१५ चा ईपीएचा अहवाल वाचा, व्यापक परिणामांचा पुरावा सापडला नाही असं स्पष्ट लिहिलंय.

काठावरचा
तो मसुदा होता. ईपीएच्याच शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने विचारलं की या वाक्याला आकड्यांचा आधार कुठे आहे, आणि डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य काढून टाकलं. अंतिम अहवाल म्हणतो काही परिस्थितींत पाण्यावर परिणाम होतो. बहुतेक ठिकाणी काम सुरू व्हायच्या आधीची मोजणीच नाही, हीसुद्धा अडचण त्यांनी लिहिलीय. उत्तरपेन यांचं जे झालं तेच.

ड्रिलबिट
वाक्य काढलं हे मान्य. सिमेंटचं काम वाईट झालं की गॅस येतो हेही मान्य, मी स्वतः दोनदा असं काम थांबवलंय. पण २०११ च्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात ड्रिलिंगच्या भागात मिथेन सरासरी १७ पट निघाला तरी फ्रॅकिंगची रसायनं पाण्यात सापडली नव्हती, हे कुणी सांगत नाही.

रानवारा
१७ पट मिथेन म्हणजे काही नाही का? मुलीला पाजायचंय ते पाणी.

यवतमाळी
आमच्या भागात बोअरला फ्लोराइड आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची हाडं बघा, पोरांचे दात बघा. तिथे कंपनी पण नाही, जमिनीतूनच येतं. तरी तपासणीचा कागद हातात पडायला लोकांना किती खेटे मारावे लागतात. जरा अवांतर झालं, पण पाण्याचा कागद आपल्या घरात पाहिजे हे खरं.

सातारकर
धाग्याला फाटे नकोत. पाणवठा, किती फूट?

पाणवठा
सापडलं. नकाशात १,९०० फूट लिहिलंय घरापासून. आणि कागद आता नीट वाचला, दोन पानं आहेत, पहिल्यावर पाण्याच्या नमुन्याचं आहे पण दुसऱ्या पानावर "सिस्मिक सर्व्हेसाठी जमिनीवर येण्याची परवानगी" (जमिनीला हादरे देऊन खालचे थर बघतात तो) असंही लिहिलंय आणि सही सगळ्यात खाली एकच. हे आधी बघितलंच नाही मी. शेजारचे आजोबा यालाच हात कापून देणं म्हणत असतील का?

उत्तरपेन
हेच विचारत होतो मी! दोन वेगळ्या गोष्टी एका सहीत गुंडाळल्यात. त्यांना फोन करा आणि फक्त नमुन्याचा वेगळा कागद मागा, सिस्मिकला तुम्ही बांधील नाही. ईमेलवर पण लिहा म्हणजे तुम्ही तपासणीला नाही म्हटलं असं नंतर कुणी म्हणायला नको. १,९०० हे घरापासून का बोअरपासून, तेही विचारा. मोजायचं ते गॅस वेलच्या उभ्या बोअरपासून तुमच्या पाण्याच्या बोअरपर्यंत, खाली आडव्या गेलेल्या फाट्यांपासून नाही.

आणि त्यांच्या भरवशावर राहू नका. त्याच दिवशी स्वतःचाही नमुना द्या, राज्याची मान्यता असलेल्या लॅबला, आणि तो लॅबच्या माणसानेच घेतला पाहिजे, तुम्ही बाटली भरून नेली तर उद्या कोर्टात कुणी विचारणार नाही. नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्याचा सह्यांचा कागद मागा. मिथेन, इथेन, बेरियम, स्ट्रॉन्शियम, क्लोराइड, ब्रोमाइड, टीडीएस, एवढं तरी हवंच. काही शे डॉलर जातील. पेन स्टेट एक्स्टेन्शनवाले, म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा लोकांना सल्ला देणारा विभाग, काय तपासायचं ते फोनवर नीट समजावतात.

काठावरचा
अनुमोदन. फक्त एक. त्या कलमावर सगळं सोडून निश्चिंत होऊ नका. डिमॉकला कंपनीने गुन्हा ना कबूल ना नाकबूल असं म्हणून तडजोड केली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, पाण्याची लाइन आणि पुढच्या ७५ वर्षांच्या बिलांसाठी १६.२९ दशलक्ष डॉलर. स्फोट २००९ चा. मधली बरीच वर्षं काही लोकांनी बाटल्यांचं पाणी वापरलं.

खात्याबद्दल म्हणाल तर राज्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे चौकशीसाठी बसवलेल्या नागरिकांच्या मंडळाने, जून २०२० मध्ये ठपका ठेवला की पर्यावरण खातं, डीईपी, कमी पडलं. गॅस वेलचं घरापासूनचं किमान अंतर ५०० वरून २,५०० फूट करा आणि खात्यातले लोक नोकरी सोडून लगेच कंपन्यांत जातात ते थांबवा असं सुचवलं. कायद्यात अंतर ५०० फूटच राहिलं. बिघाड दिसला तर तक्रार लेखी करा, खात्याने १० दिवसांत चौकशी सुरू करून ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तारीख मोजत बसा.

रानवारा
एवढं सगळं माहीत असून विधानसभेत कुणी बदलत का नाही? लाच?

काठावरचा
लाच लागत नाही. पेनसिल्व्हेनियात माणसाने किंवा राजकीय समितीने उमेदवाराला किती पैसे द्यायचे याला मर्यादाच नाही. कंपनीने थेट द्यायचे नाहीत, समितीतून द्यायचे. सगळं कायद्यात बसतं. पण कोर्टात लढून मिळालंय थोडं. तुमच्याच काउंटीतल्या रॉबिन्सन टाउनशिपने खटला भरला, अ‍ॅक्ट १३ ने गावांचा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय करू द्यायचं ते ठरवायचा, हक्क काढून घेतला होता तो भाग २०१३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला. २०१६ मध्ये आणखी काही भाग गेले, त्यातले दोन: रसायनांची नावं रुग्णासाठी हवी असली तर डॉक्टरने गुप्ततेचा करार करायचा ही अट, आणि गळती झाली की सार्वजनिक पुरवठ्याला कळवायचं पण घरगुती बोअरवाल्यांना नाही हा भेद. तेव्हा टाउनशिपच्या मीटिंगला जात जा.

ड्रिलबिट
पाणवठा, माझ्याकडून एक. नमुना सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) आधीच्या नळावरून घ्यायला लावा, तळघरात प्रेशर टँकजवळ असतो तो छोटा. सॉफ्टनरनंतर घेतला तर बेरियम कमी दिसेल. आणि मिथेनच्या कुपीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, राहिला तर परत भरायला सांगा, लाजू नका. बोअरचं झाकण हवा जाणारं आहे का तेही बघा.

पाणवठा
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो. शुक्रवारी फोन केला, ईमेल पण टाकला, आधी म्हणाले हा स्टँडर्ड फॉर्म आहे, मग संध्याकाळी एका पानाचा वेगळा पाठवला. सोमवारी त्यांचा माणूस आणि मी बोलावलेली लॅबची बाई दोघं एकाच वेळी तळघरात, एकाच नळावर, आधी पंधरा मिनिटं पाणी सोडून दिलं. तिने पहिल्या दोन कुप्या बुडबुडा राहिला म्हणून ओतून टाकल्या, तिसरी उलटी करून उजेडात धरून मला दाखवली. बोअरपासूनचं अंतर २,१५० निघालं, लेखी घेतलं. शेजारच्या आजोबांचं २,३०० च्या आसपास आहे आणि त्यांनी नाही म्हणून सही केलेलं पत्र आधीच पाठवलंय. ते परत घेता येतं का कुणाला माहितीये? ड्रिलिंग पुढच्या महिन्यात आहे.

उत्तरपेन
आजच लेखी कळवायला सांगा की तपासणीला तयार आहे, रजिस्टर्ड पोस्टाने, आणि प्रत डीईपीला. काम सुरू व्हायच्या आत. त्यांना माझ्याशी फोनवर बोलायला सांगा, नंबर व्यनि करतो.