'लिंकन': संवाद भारी, पण बोलतंय कोण?

खाडीकाठ (रत्नागिरी): स्पिलबर्गचा 'लिंकन' (2012) परवा पुन्हा पाहिला. अडीच तास माणसं खोल्यांत बसून नुसती बोलतात, ही तक्रार मला पटत नाही. अमेरिकेतली गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती दोन तृतीयांश मतांनी मंजूर करून घ्यायची, म्हणजे एकेक मत वळवायचं आणि ते बोलूनच वळणार. तारघरातला प्रसंग आठवा. रात्री दोन तरुण तारवाल्यांना लिंकन युक्लिडचा नियम ऐकवतो, एकाच वस्तूशी समान असणाऱ्या वस्तू परस्परांशी समान असतात, आणि तिथेच तारेचा मजकूर बदलतो. लिंकन झालेल्या डॅनियल डे-लुईसने आवाजही पातळ, उंच पट्टीतला लावलाय, नायकी खर्ज नाही. कमाल काम!

महाडकर: अभिनयाबद्दल वादच नाही. पण ज्यांच्या सुटकेचा कायदा, ती माणसं सज्जात बसून मतं ऐकताना दिसतात. स्वतः गुलामीतून सुटलेला, लिंकनला व्हाइट हाउसमध्ये भेटलेला कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस सिनेमात नाहीच. पूर्वी गुलाम असलेली शिवणकारीण एलिझाबेथ केकली दिसते ती मिसेस लिंकनच्या सोबतीला. गुलामीतून सुटून आलेल्यांसाठी तिने मदतसंस्था उभी केली होती, ते कुठे आहे? आमच्याकडे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर लोक महाडच्या चवदार तळ्यावर चालत जाऊन पाणी प्यायले, तोवर तो कागदावरच होता. त्यावर सिनेमा काढून फक्त कौन्सिलातली भाषणं दाखवली तर चालेल?

कणकवलीवाला: बोलण्याचा कंटाळा कसला! आमच्या दशावतारात रात्रभर संवादच चालतात, तेही न लिहिलेले, आणि लोक जागचे हलत नाहीत. माझा राग वेगळा आहे. सिनेमात कनेक्टिकटचे दोन प्रतिनिधी विरोधात मत देतात. प्रत्यक्षात चौघांनीही बाजूने दिलं होतं. रंगत आणायला एका राज्याला गुलामीच्या बाजूला उभं करायचं?

खाडीकाठ: कनेक्टिकटची चूक अक्षम्यच. मंजुरी 119 विरुद्ध 56 अशी, दोन तृतीयांशाच्या जेमतेम वर झाली, मुळात चुरस होतीच, खोटी मतं कशाला हवीत? पण महाडकर, सिनेमा मुख्यतः जानेवारी 1865 च्या सभागृहाचा आहे. आणि चवदार तळं सर्वांना खुलं की नाही हा दावाही शेवटी 1937 साली हायकोर्टात सुटला. तिथेही शब्दच लढले ना?

महाडकर: लढले, पण तळ्यावर गेलेल्या माणसांमुळे दावा उभा राहिला. आणि डग्लस तर त्या काळचा नावाजलेला वक्ता. संवादांवरच उभ्या असलेल्या सिनेमात त्याला एक प्रसंग मिळू नये?