ग्लॉकचा ट्रिगर घरीच बदलायचा का? (गणपतीच्या धाग्यात नको म्हणून वेगळी मेल)

बंड्या, केटी

मंडळी नमस्कार. ढोलताशाच्या प्रॅक्टिसनंतर पार्किंगमधे नानांशी अर्धवट बोलणं झालं होतं, म्हटलं आपल्या ह्यूस्टनच्या मंडळाच्या लिस्टवरच विचारावं, रेंजवर जाणारे अजून दोनचार जण आहेतच आपल्यात. माझ्याकडे ग्लॉक 19 पिस्तूल आहे, जेन 3, म्हणजे तिसऱ्या पिढीचं. ट्रिगर आधी मऊमऊ जातो मग भिंत लागल्यासारखा अडतो आणि मग सुटतो, आणि माझ्या गोळ्या कायम डावीकडे खाली. ऑनलाइन बघितलं तर ॲल्युमिनियमचा सपाट ट्रिगर, कनेक्टर (ट्रिगर किती जोरानं सुटतो ते ठरवणारी आतली छोटी पट्टी), स्प्रिंगा असं सगळं मिळून किट दीडेकशे डॉलरला दिसतंय, वर "साडेतीन पौंड" असं मोठ्या अक्षरात, म्हणजे ट्रिगर ओढायला एवढाच जोर लागतो म्हणे. यूट्यूबवर एक जण कॉफी पीत पीत बसवतो. मला जमेल का, का गनस्मिथकडे देऊ? आणि हे कायदेशीर आहे ना, नाहीतर ग्रीन कार्ड हातात आलंय ते जायचं.

माई, सायप्रस

अरे बंड्या, मी मोदकांच्या साच्यांची मेल शोधत होते आणि ही उघडली. मंडळाच्या लिस्टवर पिस्तूल? आरास कमिटीला अजून थर्माकोलला पर्याय सापडत नाहीये, त्यावर कुणी उत्तर देत नाही. असो, लिहा. पण घरात पोरंबाळं असतील तर आधी कुलपाचं बोला, ट्रिगरचं नंतर.

नाना, शुगरलँड

माईंचं बरोबर आहे, कुलूप पहिलं. आता बाकीचं, जरा लांबेल.

आधी कायदा. स्वतःच्या पिस्तुलाचा साधा ट्रिगर स्वतः बदलायला टेक्सासमधे परवानगी लागत नाही आणि फेडरल कायद्याचीही आडकाठी नाही. पैसे घेऊन लोकांची कामं करायला लागलास की लायसन लागतं, तो धंदा झाला. एक मात्र कान उघडे ठेवून ऐक, स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागच्या प्लेटच्या जागी बसणारा "स्विच" म्हणून एक तुकडा परदेशी वेबसाइटवर चिल्लर भावात मिळतो, तो पिस्तूल ऑटोमॅटिक करतो, आणि नुसता तुकडा घरात सापडला तरी कायद्याच्या लेखी ती मशीनगन. ग्रीन कार्डच काय, तुरुंगाचं काम आहे. तेव्हा काय घ्यायचं ते ओळखीच्या दुकानातनं.

आता साडेतीन पौंड. ग्लॉकचा ट्रिगर कंपनीतनं साडेपाच पौंडाच्या आसपास येतो, म्हणजे अडीच किलो. वजाचं चिन्ह असलेला जो कनेक्टर आहे त्याला पूर्वी सगळे साडेतीनचा म्हणायचे, पुढे कंपनीच त्याला साडेचारचा म्हणायला लागली, आणि तोसुद्धा मुळात लांब स्लाइडच्या टारगेटच्या मॉडेलांसाठी होता. डब्यावरचा आकडा वाचू नकोस, ट्रिगर पुल गेज, म्हणजे तो जोर मोजायचा काटा, घे आणि स्वतः मोज.

आणि डावीकडे खाली. उजव्या हातानं मारणाऱ्याच्या गोळ्या तिकडे जातात तेव्हा बहुतेक वेळा दोष बोटाचा असतो, बार उडायच्या आधीच आपण ट्रिगर हिसकतो आणि नळी खाली झुकते. रेंजवर गेलास की मॅगझिन दुसऱ्याकडून भरून घे, मधेच कुठेतरी एक डमी राउंड (खोटी, न उडणारी गोळी) घालायला सांग, कितवी ते तुला कळू द्यायचं नाही. डमीवर ट्रिगर दाबलास की नळी कशी नाक खुपसते ते तुझं तुलाच दिसेल. दीडशे डॉलरचं किट ते झाकतं थोडंफार, बरं करत नाही.

तरी बसवायचंच असेल तर काम अवघड नाही. सायकलची चेन बसवता येते त्याला हे येतं. पण ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो आणि घरातल्या भिंतींना भोकं पडतात ती तिथंच. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, चेंबरमधे (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) डोळ्यानं बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हाच क्रम, उलटा केलास तर स्लाइड मॅगझिनमधली पुढची गोळी वर घेऊन बसते. गोळ्यांचा डबा त्या खोलीतच नको.

जेन 3 ला फ्रेममधे, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्यात, तीन पिना. वरची बारीक लॉकिंग ब्लॉकची (नळी जिथं अडकते तो आतला ठोकळा), ती आधी काढायची आणि बसवताना सगळ्यात शेवटी घालायची. मधली ट्रिगरची, तिला खाच असते, नुसती ठोकून निघत नाही, स्लाइड मागे अडकवून ठेवणारी स्लाइड स्टॉपची पट्टी हलवत हलवत पंचानं (पिना ढकलायची सळई) ढकलायची म्हणजे सुटते. मागची प्लास्टिकची. पंच 3/32 इंचाचा लागतो, हातोडी लागलीच तर हलकीशी. मग सगळा ट्रिगर, त्याची मागे जाणारी पट्टी म्हणजे बार, आणि तिचं मागचं घर म्हणजे हाउसिंग, अख्खं वर येतं. कनेक्टर हाउसिंगमधे नुसता खोचलेला असतो. ट्रिगर स्प्रिंगचे आकडे बाजूनं बघितल्यावर इंग्रजी एससारखे दिसले पाहिजेत, उलटे लागले तर पिस्तूल जुळतं पण नीट चालत नाही, आणि लोक तासभर डोकं धरून बसतात. तुझ्या मेव्हण्याची जेन 5 आहे ना, त्याचं किट मागवू नकोस, त्यात दोनच पिना आणि स्प्रिंगची रचनाच निराळी.

यूट्यूबवाले जुळवून झालं की एकदा खटकन दाबून दाखवतात आणि व्हिडिओ संपतो. खरं काम तिथनं पुढे. ग्लॉकला बोटानं लावायचा सेफ्टीचा खटका नाही, आत तीन सेफ्ट्या आहेत आणि तिन्हींना तुझं किट हात लावतं. ट्रिगरच्या मधली पाती न दाबता कडेनं दाब, ट्रिगर मागे जाता कामा नये. स्लाइड काढून फायरिंग पिन (गोळीच्या बुडाला ठोकते ती) मागे ओढून हळूच पुढे सोड, आणि मग पुढे दाब, पिन बाहेर डोकावता कामा नये जोवर तू ते गोल सेफ्टीचं बटण दाबत नाहीस. तिसरी ड्रॉप सेफ्टी, पिस्तूल पडलं तर उडू नये म्हणून असते, ती नुसती बघून कळत नाही. त्यासाठी आर्मरर, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या, लोकांची नारंगी प्लेट मिळते, मागे खिडकी असलेली, ती लावली की ट्रिगर बारनं पिनेचा पाय किती धरलाय ते दिसतं. दोन तृतीयांश तरी धरलेला पाहिजे. काही किटांत ट्रिगरच्या अलीकडचं मोकळं अंतर कमी करायला स्क्रू असतो, तो लोक भक्तिभावानं पिळत बसतात आणि पकड कमी होते. पिस्तूल हातातनं पडलं आणि उडालं तर मग कंपनीला बोलून काय उपयोग.

आणि किटातली हलकी फायरिंग पिनची स्प्रिंग, ती तर मी डब्यातच ठेवीन. मार हलका पडतो आणि सीसीआयसारख्या कंपनीचे कडक प्रायमर (गोळीच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) नुसते खड्डा पडून राहतात. हे एवढं सगळं पास झालं की रेंजवर पहिल्यांदा एकच गोळी, मग दोन, दोन एकदम उडत नाहीत ना ते बघायला. मग पूर्ण मॅगझिन.

डॉक्टर, पेअरलँड

नानांनी बसवायचं कसं ते सांगितलं, कुठल्या पिस्तुलात ते राहिलं. बंड्या, हे पिस्तूल रेंजचं आहे का पलंगाशेजारच्या पेटीतलं? दुसरं असेल तर हात लावू नकोस. मसाद अयुब हा अमेरिकेतला पिस्तूल शिकवणारा कित्येक वर्षं हेच सांगतोय, स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा ट्रिगर कंपनीनं ठरवलेल्या वजनाखाली नेऊ नका. रात्री दोनला हात थरथरत असतात, बोटाला साडेतीन आणि साडेपाच काही कळत नाही. आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर समोरचा वकील ज्युरीला सांगणार की या गृहस्थांनी मुद्दाम हलका ट्रिगर बसवून घेतला होता. न्यूयॉर्क पोलिसांनी तर बारा पौंडाचा ट्रिगर मागून घेतला होता, उगाच नाही.

नाना, शुगरलँड

डॉक्टरसाहेब, पलंगाशेजारचं तसंच ठेवावं हे शंभर टक्के मान्य. पण न्यूयॉर्कचं उदाहरण उलटं पडतं. 2012 च्या ऑगस्टमधे एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर पोलिसांनी एका हल्लेखोराला मारलं तेव्हा रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी नाहीतर उडालेल्या तुकड्यांनी. तेव्हा जाणकारांनी बोट दाखवलं ते त्या बारा पौंडावरच. जड ट्रिगर ओढताना पिस्तूलच हलतं. म्हणजे जड म्हणजे सेफ असं नाही, कंपनीनं ज्या वजनाला सगळं पिस्तूल जुळवलंय तिथं राहावं एवढंच.

आणि हलका ट्रिगर कुठं शोभतो ते आमच्या कोल्हापूरला विचारा. राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमधे 25 मीटर पिस्तुलाचं सोनं आणलं, त्या प्रकारात ट्रिगर कमीत कमी 1000 ग्रॅम म्हणजे सव्वादोन पौंडाचा चालतो. दहा मीटर एअर पिस्तुलाला तर 500 ग्रॅम. वजन टांगून तपासतात, त्याच्याखाली गेलं की चालत नाही. पण ती पिस्तुलं कारखान्यातनंच तशी बनून येतात, आणि लाइनवर उभं राहून ऑर्डर मिळाल्याशिवाय त्यात गोळी जात नाही. उशाला घेऊन कोणी झोपत नाही.

पप्या, केटी

सगळ्यांना नमस्कार, मी नवीन आहे, जानेवारीत आलोय, एच-वन-बी वर. बंड्यादादा मला शनिवारी रेंजवर घेऊन जाणार म्हणाला होता. यायला हरकत नाही ना? मी नुसता दोनचार गोळ्या मारीन, विकत काही घेणार नाही.

नाना, शुगरलँड

पप्या, बरं झालं विचारलंस. हरकत आहे. एच-वन, विद्यार्थी, टुरिस्ट असे जे तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांना फेडरल कायद्यानं बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगताच येत नाहीत, आणि रेंजवर भाड्यानं घेतलेली हातात धरली तरी ते बाळगणंच झालं. अपवाद आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे चालू हंटिंग लायसन. ते काढून जाणारी पोरं आहेत, पण तुझी ग्रीन कार्डची फाइल अजून उघडायचीय, आधी वकिलाला विचार. तोवर काचेच्या मागे उभा राहून बघ. बंड्या, तू मोठा भाऊ ना, तुला हे ठाऊक नको होतं?

माई, सायप्रस

हे एक बरं सांगितलंत नाना. लेझीमच्या ग्रुपमधली अजून तीन पोरं व्हिसावर आहेत, त्यांनाही पाठवते. आणि माझ्या कुलपाचं कोणी काही बोललं नाही.

डॉक्टर, पेअरलँड

माई, बोलतो. टेक्सासमधे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवलं आणि ते त्याच्या हाती लागलं तर तो मालकाचा गुन्हा आहे. बोटांच्या बटणांवर उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट करून बसवा, कपाटात साड्यांखाली ठेवणं म्हणजे लपवणं, कुलूप नव्हे. आणि हलका ट्रिगर बसवलेलं पिस्तूल असेल तर दुप्पट काळजी.

बंड्या, केटी

सगळं वाचलं. पप्या, सॉरी रे, तू बाहेर काचेपाशी थांब, नंतर डोसा माझ्याकडून. आमच्याकडे एकच पिस्तूल आहे आणि ते रात्रीचंच आहे, त्यामुळे किट कॅन्सल केलंय. डमी राउंड आणि ट्रिगर गेज मागवलं, तिजोरी बायकोनं मागवली. फक्त नाना, एकदा ते सगळं उघडून साफ करून तुमच्यासमोर जुळवायचंय, तीन पिना वगैरे, म्हणजे आत काय आहे ते कळेल. पंच तुमच्याकडे आहे का मी घेऊ?

नाना, शुगरलँड

आहे. नारंगी प्लेटपण आहे. रविवारी आरतीनंतर ये, पिस्तूल रिकामं करून पेटीत घालून आण, गोळ्या घरी. आणि येताना माईंकडनं साचे घेऊन ये, त्या चार दिवस मागतायत.